दोन अस्तरांची पिशवी

अंगुस्तान टेबलाच्या कडेवरून घरंगळलं आणि फरशीवर टण्णकन पडलं.

सावेरियानं शिवण हातात तशीच धरून श्वास रोखला. पाळण्यात ब्रुनोनं तोंड वाकडं केलं, एक मूठ हवेत उगारली, आणि देवाची कृपा, पुन्हा झोपला. सात महिन्यांच्या त्या पोराला झोपवायला तासभर गेला होता. तो झोपला की जो वेळ हाती लागतो तेवढाच तिचा. त्यातच ती शिवायची. आज ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातला गुरुवार उजाडला होता आणि मरियामातेच्या काळ्या शालीचं काम अजून अर्ध्यावरच होतं.

टेबलाखाली तिची पाच वर्षांची तेक्ला बसली होती. तिचाही एक संसार तिथं मांडलेला होता. कापडी सशाला ती जांभळ्या मखमली पिशवीत निजवत होती.

"आई, सापडलं," ती कुजबुजली. अंगुस्तान स्वतःच्या बोटात घालून तिनं हात वर काढला. "हे पण एका बाजूनं खडबडीत आणि एका बाजूनं गुळगुळीत. माझ्या पिशवीसारखं."

"ठेव इथं, राणी. ससा झोपला का?"

"झोपतोय. त्याला मी गुळगुळीत बाजूला ठेवलाय. खरखरीत बाजू नको, ती आपली नाही."

"आपली नाही म्हणजे?"

"बास्तियानोकाका म्हणाले होते ना. फक्त गुळगुळीत बाजूत हात घालायचा, खरखरीत लागलं की काढून घ्यायचा. मी बरोब्बर घातला, आई. चारही वेळा! एकदासुद्धा चुकले नाही."

सावेरियाच्या हातातली सुई शालीत अर्धी शिरली आणि तिथंच थांबली.

रोक्कावेनात ईस्टरच्या दुपारी जी भेट होते तिच्यासाठी गाव वर्षभर जगतं. चौकाच्या एका टोकाला मेलेल्यांतून उठलेल्या ख्रिस्ताची मूर्ती, दुसऱ्या टोकाला काळी शाल पांघरलेली मरियामाता, आणि दोघांच्या मध्ये निरोप्या संत योहान. चार गडी योहानाला खांद्यावर घेऊन तीनदा धावतात. पहिल्या दोन खेपांना आईला खरं वाटत नाही. तिसऱ्या खेपेला पटतं, मग तीही धावत सुटते, आणि धावता धावता एका ओढीत काळी शाल गळून पडून खालचा निळा झगा उजळतो. शाल नीट पडली की वर्ष चांगलं. अडकली, की गारपिटीपासून गाभण गाईच्या मरणापर्यंत सगळं त्या शालीच्या माथी.

शाल शिवायचं आणि बांधायचं काम आधी सावेरियाच्या आईकडे होतं, आई गेल्यापासून सावेरियाकडे आलं. योहान मात्र मॉम्मोकाकाकडे. म्हणजे मॉम्मोकाका स्वतः उचलत नसे, त्याची पाठ दुखायची. तो चौकातल्या आपल्या बाल्कनीत उभा राहायचा आणि कोणी उचलायचा ते ठरवायचा. लाकडाची वखार कोणी चालवायची, पाण्याचा पाट कोणाच्या बागेतून न्यायचा, कोणाच्या मुलीनं कोणाकडे बघायचं नाही, हे जसं तो ठरवायचा तसंच. सगळं गाव त्याला काका म्हणतं. नातं कोणाचंच नाही, आणि नातं नाही असं म्हणायची छातीही कोणाची नाही.

पूर्वी योहान उचलायच्या चार खांद्यांचा लिलाव व्हायचा, भर चर्चमध्ये. मग बिशपनं डोळे वटारले. लिलाव बंद, चिठ्ठ्या टाका, लहान मुलाच्या हातानं काढा, आणि सगळं सचोटीनं झालं असं सह्यांनिशी कळवा. नाहीतर भेट बंद. गावानं आधी छाती बडवून घेतली, मग डोकं चालवलं. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी वेदीपुढं साठ नावांतून चार निघाली. मॉम्मोकाकाचा पुतण्या. मॉम्मोकाकाचा जावई. मॉम्मोकाकाच्या वखारीचा मुकादम. आणि त्याच वखारीत करवत चालवणारा कोझिमो, सावेरियाचा नवरा. देवाच्या मर्जीचा काय तो नेम! लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोझिमोची आई आगाता डोळ्यांना पदर लावल्यासारखा रुमाल लावून बसली, आणि पाद्री फादर इलारियो यांनी त्याच दिवशी सुरेख प्रवचन केलं: ख्रिस्ती माणूस आतून बाहेरून एकाच कापडाचा असावा.

सावेरिया पहिल्या बाकावर मान डोलवत होती. दुसरं काय करणार? पांढऱ्या फ्रॉकातली ती चिमुरडी तिची होती, आणि चिमुरडीच्या हातातली पिशवीही तिचीच.

उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात चर्चचा सेवक बास्तियानो मखमल घेऊन आला होता. "दोन कप्पे कर, सावेरिया. एकाला सुती अस्तर, एकाला साटीन. आणि बाहेरून बघणाऱ्याला एकच वाटली पाहिजे. जमेल का तुला?"

जमेल का तुला! एवढं विचारलं की सावेरियाचे हात शिवशिवायला लागायचे. तिनं साटिनाचा तुकडा आपल्या लग्नाच्या झग्यातून काढला, मधली शिवण अशी लपवली की तिची तिला सापडेना, आणि दोन दिवस स्वतःवर खूश होती. दोन कप्पे कशाला, हे तिनं विचारलं नाही. विचारायचं सुचलं नाही, असं ती गुरुवारी दुपारी स्वतःला सांगू लागली आणि तिसऱ्या वाक्यालाच तिला स्वतःची किळस आली. सुचलं होतं. टाके घालताना दोनदा सुचलं होतं.

आणि बास्तियानोचा निर्लज्जपणा बघा, काम झाल्यावर पिशवी जाळावी, पुरावी, एवढंसुद्धा भय त्याला वाटलं नव्हतं. बक्षीस म्हणून त्यानं ती पोरीलाच देऊन टाकली होती. सशाला निजवायला.

संध्याकाळी कोझिमो आला तो शीळ घालत. केसांत लाकडाचा भुसा. हात धुवायच्या आधी त्यानं पाळण्यात डोकावून पोराच्या पायाचा मुका घेतला. या माणसाचा राग धरणं म्हणूनच अवघड जायचं.

"तुला माहीत होतं?" सावेरियानं विचारलं.

"काय?"

"साटीन."

त्याची शीळ थांबली. "हळू बोल. पोरगं उठेल."

"उठू दे. तुला माहीत होतं?"

"सगळ्या गावाला माहीत होतं, सावेरिया. तुलाच नव्हतं म्हणतेस? मग शिवली कोणी? उंदरांनी?"

ते बरोबर जिथं लागायला हवं तिथं लागलं. तिनं सूप पुढ्यात ठेवलं, पाव ठेवला, आणि उभीच राहिली.

"हे बघ," तो पाव मोडत म्हणाला, "माझ्या आज्यानं योहान उचलला, बापानं उचलला. मी काय खिडकीतून बघू? चार वर्षं वखारीत हाडं मोडतोय, तेव्हा कुठं काकानं नाव घेतलं."

"त्यांनी देवासाठी उचलला होता."

"माझ्या बापानं?" कोझिमो मनापासून हसला. "बापानं बांधाच्या भांडणात मॉम्मोकाकाच्या म्हाताऱ्याला खूश करायला उचलला. देव होता मध्ये, वजनाला."

"तुम्ही माझ्या पोरीचा हात वापरलात, कोझिमो."

"तिला काय कळतंय!"

"तिला सगळं कळलंय. ते वाईट होतं, एवढंच फक्त कळलेलं नाही. ते आता मी कळवू, का तू?"

कोझिमोनं सूप संपवलं. मग रिकाम्या वाटीच्या तळाशी चमचा घासत राहिला. संत योहानाला खांद्यावर पेलायला निघालेला माणूस. पाच वर्षांच्या पोरीकडं मान वर करून बघवेना.

शनिवारी सकाळी फादर इलारियो कागद घेऊन आले. आगाता पहाटेपासून सुनेच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून होती. पिठाच्या वेण्या वळून, मध्ये अख्खी अंडी बसवून, ईस्टरचे गोड पाव भट्टीतून काढत होती. घरभर बडीशेपेचा वास.

"बसा, फादर, बसा! सावेरिया, खुर्ची पूस. थोडा पाव घ्या, गरम आहे."

"छे छे, आगाताबाई, आज उपवास. नुसती कॉफी. साखर नको." फादर बसले, घड्याळाकडे पाहिलं, आणि पावाच्या वेणीचं टोक मोडलं. "भाजलाय का ते बघतो फक्त."

मग आणखी एकदा, दुसऱ्या बाजूनं भाजलाय का तेही पाहिलं.

कागद बिशपच्या कचेरीचा होता. पाच सह्या हव्या होत्या, चार झालेल्या. पहिली फादरांची स्वतःची, टपोरी, खाली झोकदार रेघ ओढलेली. पाचव्या जागेवर छापलं होतं: मुलाची किंवा मुलीची आई.

"मी वाचून दाखवतो. चिठ्ठ्या सर्वांसमक्ष, सचोटीनं, कोणत्याही दबावाविना काढण्यात आल्या. बास. इथं सही, मुली."

सावेरियानं ब्रुनोला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. टेबलाखाली वाकून म्हणाली, "तेक्ला, ससा जरा बाहेर काढतेस? मला पिशवी दे. लगेच देते परत."

तेक्लानं ससा काढून छातीशी धरला. सावेरियानं एका हातानं पिशवी टेबलावर पालथी केली आणि आतली बाजू बाहेर ओढली. पावाच्या तुकड्यांच्या मध्ये दोन कप्पे जिभांसारखे पडले; एक मळकट सुती, एक पांढरं साटीन.

"हे काय आहे, फादर?"

फादरांनी चष्मा लावला. पुष्कळ वेळ पाहिलं. "सुरेख शिवण आहे," ते म्हणाले.

"दोन कप्पे आहेत."

"मला शिवणातलं काही कळत नाही गं."

"अस्तरातलं कळतं. रविवारी बोललात की त्यावर पाऊण तास."

"सावेरिया!" आगाताच्या हातातली पळी खणकली. "फादरांशी असं बोलतात? हिची आईही अशीच होती बघा. चर्चमध्ये गुडघ्यावर बसायची तीसुद्धा देवाला जाब विचारायला बसल्यासारखी."

फादरांनी हात वर करून तिला थांबवलं. क्षमा करताना करतात तसा हात. त्यांना क्षमा करायला फार आवडायचं, त्यात बसून राहता येतं.

"मुली, मी इथं तीन वर्षांपूर्वी आलो तेव्हा रविवारी अकरा म्हाताऱ्या यायच्या. भेटीला तीन हजार माणूस येतं. ती बंद झाली तर चर्च रिकामं पडेल. रिकाम्या चर्चमध्ये मी सत्य सांगू कोणाला?"

"भरलेल्यात सांगितलंत का?"

कॉफी उकळून शेगडीवर सांडली. कोणी उठलं नाही.

"मी सही करणार नाही," सावेरिया म्हणाली. "मी शिवली, ते माझं चुकलंच. पण त्याच्याखाली नाव घालणार नाही. तेक्ला वाचायला शिकतेय. उद्या ती हा कागद वाचेल."

"बिशपच्या कचेरीतले कागद पोरी वाचत नाहीत," आगाता म्हणाली. "तिथं कोणीच वाचत नाही."

आणि मग, आपण बाहेर जनावराला पाणी पाजायला गेलो होतो अशा चेहऱ्यानं दारात उभा राहिलेला कोझिमो आत आला. जनावर त्यांच्याकडं नव्हतं. त्यानं हात पँटला पुसले.

"बापाची सही चालते का, फादर?"

"चालते," फादर म्हणाले. इतक्या चटकन की तोंडातला घास गिळायचाही राहिला. त्यांनी 'आई' या शब्दावर रेघ मारली, वर बारीक, देखण्या अक्षरात 'वडील' लिहिलं, आणि पेन उलटं धरून कोझिमोच्या पुढं केलं. कोझिमोनं जीभ दातांत धरून सही केली. शाळेपासून तो तशीच करायचा. ते पाहून सावेरियाला एकदा त्याची दया आली होती, लग्नाच्या रजिस्टरवर. या वेळी आली नाही.

निघताना फादर दारात वळले. "शाल तर बांधशील ना, सावेरिया? तुझ्यासारखा हात गावात दुसऱ्या कोणाचा नाही."

"बांधीन," ती म्हणाली. "ते काम खरं आहे."

दुपारी चर्चमध्ये चिटपाखरू नव्हतं. ब्रुनोला तिनं ओढणीनं छातीशी बांधलं होतं, तो तिच्या गळ्यातल्या क्रूसाशी खेळत होता. तेक्लानं टाचण्यांची डबी धरली होती, दोन्ही हातांनी, दागिन्यांची असावी तशी.

शालीला तीन फास असतात, दोन खांद्यांवर, एक मानेमागं. तिन्हींतून एकच रेशमी दोरी, मेण लावून गुळगुळीत केलेली. दोरीचं टोक पाठीमागून खाली सोडायचं, धावता धावता ते एक माणूस ओढतो. फास सैल पडला तर शाल आधीच घसरते, घट्ट झाला तर अडकते. आईनं सावेरियाला हे शिकवलं तेव्हा ती तेक्लाएवढीच होती. आई म्हणायची, गाठ मारताना मनात कोणाला शिव्या देऊ नकोस, गाठीला कळतं.

सावेरियाच्या मनात त्या दुपारी बऱ्याच शिव्या होत्या.

डाव्या खांद्यावरचा फास तिच्या बोटांत होता. एक आडवा वेढा, बस, एवढंच लागलं असतं. उद्या तीन हजार माणसांदेखत, मॉम्मोकाकाच्या बाल्कनीखाली, शाल अडकली असती. मरियामातेनं या चौघांना नाकारलं, असं गाव म्हणालं असतं. फादर घामाघूम झाले असते. मॉम्मोकाकाच्या पाठीची कळ मानेत गेली असती. तिनं तो वेढा डोळ्यांनी घालून पाहिला. फार गोड दिसत होता.

पण मग मरियामातेच्या तोंडी सावेरियानं शब्द घातले असते. देवाची मर्जी म्हणून स्वतःची मर्जी चालवली असती. पिशवीत नाही, शालीत. बास्तियानोनंही दुसरं काय केलं होतं? दोघांत फरक उरला असता तो एका अस्तराचा.

तिनं वेढा घातला नाही. फास होता तसा, आईच्या हातचा असावा तसा, नीट लावला. दोरी दोनदा ओढून पाहिली. दोन्ही वेळा शाल पाण्यासारखी खाली आली.

"आई," तेक्ला म्हणाली, "शाल पडते म्हणजे मरियामाता खूश असते ना? आजी सांगते."

"आजी तसं सांगते."

सावेरिया खाली बसली, पोरीच्या उंचीवर आली. ब्रुनोनं बहिणीचे केस मुठीत धरले.

"तेक्ला, एक सांगायचंय. बास्तियानोकाकांनी तुला गुळगुळीत बाजूत हात घालायला सांगितलं, ते खोटं होतं. तिथं आधीच चार नावं ठेवली होती. बाकीच्यांची नावं नुसती दाखवायला."

तेक्लाचा खालचा ओठ बाहेर आला. "मी खोटं केलं?"

"नाही, बाळा. तू सांगितलं ते केलंस. खोटं मी शिवलं."

"तू?" तेक्लानं तिच्याकडं निरखून पाहिलं, पहिल्यांदाच भेटलेल्या बाईकडं बघावं तसं. मग टाचण्यांची डबी काळजीपूर्वक खाली ठेवली आणि आईचं तोंड आपल्या दोन्ही तळव्यांत धरलं. "मग आता?"

"आता पिशवी लोकांना आतून दाखवूया का? पण ती तुझी आहे. तू म्हणालीस तरच."

तेक्लानं बराच विचार केला. सशाला विचारलं. मग होकाराची मान डोलवली.

दाराशी पवित्र पाण्याचं दगडी भांडं आहे, त्यावर प्रार्थनेच्या वेळांचा फलक टांगायचा खिळा. आत येणारा प्रत्येक जण तिथं थांबतो, बोटं बुडवतो. सावेरियानं फलक भिंतीला टेकवून ठेवला आणि खिळ्याला पिशवी टांगली, आतली बाजू बाहेर. सुती डावीकडं, साटीन उजवीकडं. आंधळ्यालाही हातानं कळलं असतं.

घरी जाताना तिची मान ताठ होती. उद्या काय होईल, याची तिनं शंभर चित्रं रंगवली. लोक ओरडतील. कोझिमोची वखार सुटेल. घराच्या दारावर कोणी काही टाकेल. कदाचित कोणीतरी, एखादी म्हातारी का होईना, मोठ्यानं म्हणेल की हे काय चाललंय.

जे झालं ते तिच्या चित्रांत नव्हतं.

"अगंबाई, उलटी टांगलीय!" ईस्टरच्या सकाळी पाववाल्याची बायको म्हणाली, आणि बोटं पाण्यात बुडवून क्रूसाची खूण केली.

"चिठ्ठ्यांची पिशवी ना ती? बघ, उलटी असूनही काय साफ आहे. टाका दिसतोय का कुठं?"

"साटीन लग्नाचं दिसतंय."

"तेक्लाचा हात लागलेलं आहे. निष्पाप हात तो." एक म्हातारी पुढं झाली आणि पवित्र पाण्यानं ओली बोटं तिनं साटिनाला लावली, मग कपाळाला. तिच्या मागची बाईही तसंच करून गेली. पोरांनाही उचलून हात लावायला दिला. बास्तियानो घाईघाईनं पिशवी काढायला धावला होता, तो आता बाजूला उभा राहून रांग लावू लागला. "सावकाश, बायांनो, सावकाश, ढकलू नका."

सावेरिया खांबाशी उभी राहून बघत होती. तिनं गावाला त्याचं पाप टांगून दाखवलं होतं, आणि गावानं त्याचं तीर्थ केलं होतं. प्रार्थना संपेपर्यंत साटिनावर बोटांचे ओले डाग पडले होते. सुती बाजूला, जिथं छप्पन्न नावं फुकट कुजली होती, तिला कोणी हात लावला नव्हता.

मॉम्मोकाका शेवटी आला, करड्या कोटात, छडी टेकत. तो थांबला तसे सगळे थांबले.

"कोणाचं काम हे?"

"माझं," सावेरिया म्हणाली.

"दोन्ही बाजू छान आहेत." तो हसला. दात चांगले होते त्याचे. "पण असं काम असं उघड्यावर ठेवू नये, पोरी. दृष्ट लागते. घरात लहान मुलं आहेत तुझ्या."

त्यानं तेक्लाच्या गालाला हात लावला. "सोन्याचा हात आहे हिचा." तो पुढं गेल्यावर तेक्लानं सशाच्या कानानं गाल पुसला.

ज्यांना काही कळलंच नाही असं सकाळपासून वाटत होतं, त्या सगळ्यांना कळलं होतं, हे सावेरियाला चौकात समजलं. ती जिथं उभी राहिली तिथून बायका पाऊलभर सरकल्या. कोणी पाठ फिरवली नाही, कोणी तोंड वाकडं केलं नाही. भोवती फक्त थोडी मोकळी जागा झाली, ओल्या रंगाच्या दाराभोवती होते तशी. आगातानं पलीकडून मान वळवली. पुढच्या वर्षी शाल सावेरिया बांधणार नाही, हे त्या वळलेल्या मानेतच लिहिलेलं होतं.

मग ढोल वाजला.

योहान धावला, परतला, पुन्हा धावला. कोझिमो पुढच्या डाव्या दांड्याला होता, मानेच्या शिरा तटतटलेल्या. तिसऱ्या खेपेला तो सावेरियाच्या हातभर अंतरावरून गेला. त्याचे डोळे भरून वाहत होते. खरे अश्रू होते ते, ढोंगाचे नाहीत. तिला त्याची प्रत्येक रड ओळखता यायची. खोट्या चिठ्ठीनं मिळालेला खांदा, आणि त्याच्यावर हा माणूस मनापासून देवाला वाहत होता! त्याचा तिरस्कार करायचा तर आता कुठून धरायचा, हेही तिला कळेना.

मरियामाता हलली. चार पावलं चालली, मग धावली. दोरी ओढली गेली.

शाल पडली. तिन्ही फास एकाच क्षणी सुटले आणि काळं कापड, कोणी हळूच श्वास सोडावा तसं, खाली आलं. निळा झगा उन्हात झळकला. तीन हजार माणसं एका गळ्यानं ओरडली. घंटा, फटाके, रडणं, मिठ्या. बाल्कनीत मॉम्मोकाकानं डोक्यावरची टोपी काढली. फादर इलारियोंनी आकाशाकडं हात पसरले, जणू तिथं एक सही अजून राहिली होती आणि तीही मिळाली.

गेल्या दहा वर्षांत इतकी देखणी पडली नव्हती, असं सगळे म्हणत होते. खरंच होतं ते. सावेरियाला माहीत होतं, तिनं दोनदा ओढून पाहिली होती.

छातीशी बांधलेला ब्रुनो आवाजानं दचकून रडायला लागला. ती त्याला थोपटत होती, त्याच्या टाळूला ओठ टेकवून गुणगुणत होती, तेवढ्यात तेक्लानं तिची बाही ओढली. पोरगी टाळ्या वाजवत नव्हती. निळ्या झग्याकडं एकटक बघत होती.

"आई, चिठ्ठ्या खोट्या होत्या ना?"

"हो," सावेरिया म्हणाली. मोठ्यानं. मोकळ्या जागेपलीकडच्या दोन-तीन डोक्यांनी ऐकलं.

"मग मरियामाता खूश कशी झाली?"